प्रश्न वाचकांचे: या आठवड्याचा पाठ आणि आपले जगणे

ज्यू परंपरेतील साप्ताहिक तोरा-वाचन आणि आजचे सामाजिक प्रश्न यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : दर आठवड्याला तोराचा ठरलेला भागच का वाचायचा? समाजापुढे एखादा तातडीचा प्रश्न उभा असताना त्याला लागू पडणारा उतारा निवडून वाचणे अधिक उपयोगाचे ठरणार नाही का?

उत्तर : मोशेची पाच पुस्तके म्हणजे तोरा. तिचे ५४ भाग पाडलेले आहेत आणि त्या प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात. सिम्हात तोरा या सणाला शेवटचा भाग वाचून संपतो आणि त्याच बैठकीत उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ पुन्हा वाचला जातो. ज्या वर्षी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचे शनिवार, कमी पडतात, त्या वर्षी काही भाग जोडून वाचतात. शब्बाथच्या सकाळी सात जणांना क्रमाने वाचनासाठी पाचारण केले जाते आणि त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील एक उतारा वाचतात. सोमवारी आणि गुरुवारी पुढच्या भागाचा आरंभ वाचण्याची प्रथा परंपरेने एज्रा या प्राचीन शास्त्र्याकडे नेली आहे. ते बाजाराचे दिवस असल्यामुळे खेड्यांतली माणसे गावात आलेली असत. हा क्रम सर्वत्र एकसारखा नव्हता. बाराव्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा प्रवासी कैरोजवळ पोहोचला, तेव्हा एका सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) तोरा एका वर्षात, तर दुसऱ्यात तीन वर्षांत पूर्ण होत असल्याची नोंद त्याने केली. पुढे एका वर्षाची पद्धत रूढ झाली.

आता आपला मूळ मुद्दा. उतारा मी निवडला, तर बहुतेक वेळा माझे आधीच ठरलेले मतच मला त्यात सापडते. क्रमाने आलेला पाठ मात्र माझी सोय पाहत नाही. मला ज्या विषयाला हात लावायचा नसतो, नेमका तोच तो समोर आणून ठेवतो. ‘की तेत्से’ या भागात एक आज्ञा आहे: नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे तेथून कोणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. तालमूद या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, चर्चांच्या ग्रंथाने या आज्ञेचा विस्तार करून घरात चावरा कुत्रा पाळू नये आणि डुगडुगणारी शिडी ठेवू नये, असे सांगितले. आमच्या अभ्यासगटात बांधकामावर देखरेख करणारे एक गृहस्थ नियमाने येत असत. ही आज्ञा त्यांनी यापूर्वी अनेकदा ऐकली होती. एका वर्षी मात्र हा भाग वाचत असताना ते मध्येच उठले, बाहेर गेले आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिले. परत आल्यावर त्यांनी सांगितले की, चौथ्या मजल्यावरच्या परांचीला आडवा बांबू लावायचा राहिला होता आणि आठवडाभर ते रोज उद्यावर ढकलत होते. त्या आठवड्यासाठी उतारा निवडायला सांगितला असता, तर त्यांनी हा निवडला नसता, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या गटात ‘शोफ्तीम’ या भागावर बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. त्याच्या शेवटी बेवारस मृतदेह सापडला तर कालवडीची मान मोडण्याचा विधी सांगितला आहे. हा विधी आज कोणीही करत नाही. अशा मजकुरातून आजच्या माणसाला काय सांगावे?

उत्तर : आपल्या वाट्याला आलेला उतारा अवघड आहे, पण समाजाच्या जबाबदारीविषयी इतका थेट बोलणारा दुसरा उतारा मला ठाऊक नाही, म्हणून मी थोडा सविस्तर लिहितो.

प्रथम मजकूर जसा आहे तसा वाचावा. उघड्या रानात एक माणूस मारलेला आढळतो. मारणारा कोण, हे कळत नाही. वडीलजन बाहेर पडून प्रेतापासून आसपासच्या गावांचे अंतर मोजतात. जे गाव सर्वांत जवळ ठरते, तेथील वडीलजन कधी जुंपलेली नाही अशी कालवड एका न नांगरलेल्या ओढ्याकाठी नेतात, तिची मान मोडतात, तिच्यावर हात धुतात आणि म्हणतात: आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही आणि आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही.

मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहातील (तालमूद त्यावरच आधारलेले आहे) चर्चा पाहिली म्हणजे हे मोजमाप किती गांभीर्याने घेतले जात होते, ते कळते. प्रेताच्या नेमक्या कोणत्या जागेपासून मोजायचे, यावर रब्बींमध्ये मतभेद आहे. रब्बी एलिएझर बेंबीपासून मोजावे म्हणतात, रब्बी अकिवा नाकापासून, तर तिसरे मत मानेपासून मोजण्याचे आहे. वरवर पाहता ही चर्चा किरकोळ वाटेल. माझ्या मते, ज्याचे नाव, गाव, नातलग यांपैकी काहीच माहीत नाही, अशा माणसासाठी बोटभर अंतराचाही वाद घालावासा वाटणे, हाच त्या माणसाचा केलेला आदर आहे.

त्यानंतर मिश्ना एक प्रश्न विचारते आणि आपल्या भाषणाचा गाभा तेथे आहे. गावचे वडीलजन खुनी आहेत, असे कोणाच्या मनात तरी आले होते का? मग त्यांना हे बोलायला का लावायचे? त्यावर उत्तर असे की, त्यांच्या बोलण्याचा अर्थ ‘आम्ही मारले नाही’ एवढाच नाही. हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी परत पाठवले, असे घडले नाही. तो आमच्या दृष्टीस पडला आणि आम्ही त्याला सोबतीविना वाटेला लावले, असे घडले नाही. ही ग्वाही त्यांना द्यायची आहे. म्हणजे हात स्वच्छ असल्याचे सांगण्यासाठी कोणाला मारलेले नसणे पुरेसे धरलेले नाही. शिदोरी दिली का आणि वेशीपर्यंत सोबत गेले का, याचा हिशोब मागितलेला आहे.

आजच्या काळात हा उतारा बसवायचा, तर फार दूर जावे लागत नाही. बंद घरात एकटा राहणारा वृद्ध मरण पावतो आणि शेजाऱ्यांना ते कित्येक दिवसांनी समजते. शिक्षा भोगून सुटलेला माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो, तेव्हा त्याला न्यायला कोणी आलेले नसते आणि त्या रात्री झोपायला जागाही नसते. कामाच्या शोधात परक्या ठिकाणी आलेला मजूर उघड्यावर दगावतो. यांपैकी एकाही प्रसंगात आपण कायद्याने दोषी नसतो आणि ‘आम्हांला कळले नाही’ हे आपले म्हणणे बहुधा खरेही असते. कळले का नाही, हा प्रश्न हा उतारा विचारतो. तेव्हा भाषणात या प्रसंगांची केवळ यादी देऊ नका. त्यांतील एक घ्या आणि श्रोत्यांना अक्षरशः अंतर मोजायला लावा: त्या दारापासून आपल्या दारापर्यंत किती पावले होतात?

आणखी एक गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. आपण ती जरूर सांगावी असे वाटते. खून करणारे वाढले, तेव्हा हा विधी बंद पडला, अशी नोंद मिश्नामध्येच आहे. खुनांची संख्या अशी झाली की, एकेका प्रेतासाठी गाव थांबवणे शक्य राहिले नाही. आपण विचारले आहे की, हा विधी आज का वाचायचा. रोजच्या बातम्यांत मेलेल्यांचा आकडा वाचून पान उलटण्याची जी सवय आपणा सर्वांना लागली आहे, तिच्याकडे पाहिले की उत्तर मिळते.

प्रश्न : मला अनेक वर्षांपासून त्वचेचा आजार आहे. ‘ताझरिया’ आणि ‘मेत्सोरा’ या भागांच्या आठवड्यात एका वक्त्याने त्वचेवरील चट्टे म्हणजे परनिंदेची शिक्षा, असे सांगून समाजमाध्यमांवरील अफवांवर भाषण केले. विषय चांगला होता. परंतु मी पुढे त्या सभेला गेले नाही. माझे चुकले का?

उत्तर : आपले काहीही चुकले नाही. लेवीय पुस्तकात वर्णिलेला ‘त्सारात’ हा विकार परनिंदेशी जोडण्याची परंपरा जुनी आहे, हे खरे. तिला तोरातच आधार दिला जातो: मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविषयी वाईट बोलली आणि तिला हा विकार जडला. निंदा ही बोलणारा, ऐकणारा आणि जिच्याविषयी बोलले जाते ती व्यक्ती अशा तिघांचाही घात करते, असे तालमूद म्हणते. एका स्पर्शासरशी अफवा पुढे ढकलली जाते अशा काळात या वचनाची आठवण करून देणे योग्यच आहे. पण त्सारात हा विकार कपड्यांना आणि घरांच्या भिंतींनाही होतो, असे तोरा सांगते. तो आपल्या दवाखान्यांत दिसणारा आजार नव्हे. त्याचे नाव घेऊन खऱ्या रुग्णाकडे बोट दाखवणे हे मजकुराला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

अवघ्या काही आठवड्यांनी ‘बेहार’ हा भाग येतो आणि त्यात एकमेकांना दुखवू नका, अशी आज्ञा आहे. तालमूदने ती शब्दांनी दुखवण्यालाही लागू केली आणि उदाहरण नेमके हेच दिले आहे: ज्याच्यावर आजारपण किंवा दुःख ओढवले आहे, त्याच्याशी, पवित्र शास्त्रातील संकटग्रस्त इयोबाशी त्याचे मित्र बोलले तसे बोलू नये. ‘निष्पाप माणसाचा कधी नाश झाला आहे का?’ असे ते मित्र इयोबाला विचारत होते. वक्त्याने आपल्या उपस्थितीत जे केले, ते परंपरेनेच नाव घेऊन निषिद्ध ठरवलेले आहे.

त्या दोन भागांत आपल्यासाठी दुसरेही काही आहे. विकार झालेल्याने इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर राहून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडावे, हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. तालमूद त्याचा अर्थ असा लावते की, त्याने आपले दुःख लोकांना कळवावे, म्हणजे लोक त्याच्यासाठी दयेची याचना करतील. शिवाय रुग्णाला तपासायला याजकानेच छावणीबाहेर जायचे आहे. संशयित घर तपासण्यापूर्वी त्यातील सामान बाहेर काढावे, अशीही आज्ञा आहे. तोराला एवढी काळजी कशाची, असे मिश्ना विचारते आणि उत्तर देते: त्या माणसाच्या मातीच्या भांड्यांची. धातूची भांडी धुऊन शुद्ध करता येतात, पण अशुद्ध ठरलेले मडके फोडावेच लागते, म्हणून ते आधी वाचवायचे. आपल्या शेजारी बसलेल्या वक्त्याला मडक्याइतकीही आपली काळजी वाटली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : धर्मग्रंथाचा आधार घेऊन राजकीय प्रश्नांवर बोलावे का? एकाच ग्रंथातून दोन्ही बाजूंचे लोक आपापले म्हणणे सिद्ध करतात.

उत्तर : करतात, आणि याचे ठळक उदाहरण अमेरिकेत यादवी युद्धाच्या तोंडावर घडले. ४ जानेवारी १८६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉरिस राफाल यांनी प्रवचन देऊन गुलामगिरीला पवित्र शास्त्राची मान्यता असल्याचे सांगितले. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी त्याला कडाडून विरोध केला. तेथील वातावरण इतके तापले की, त्याच वर्षी त्यांना शहर सोडावे लागले. तोरात गुलामांविषयीचे नियम आहेत, हे राफाल यांचे म्हणणे शब्दशः खोटे नव्हते. पण पळून आलेल्या गुलामाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नको, अशी आज्ञाही त्याच तोरात आहे, आणि माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाल्याचे तर तिच्या पहिल्याच अध्यायात आहे. यांतील कोणत्या वचनाच्या प्रकाशात कोणते वचन वाचायचे, हा निर्णय वाचणाऱ्याचा असतो आणि त्याची जबाबदारी ग्रंथावर टाकता येत नाही.

म्हणून बोलावे, पण पाठातून निघालेला आरोप पहिल्यांदा कोणावर येतो, ते पाहून बोलावे. तो दर आठवड्याला आपल्या विरोधकांवरच येत असेल, तर वाचण्यात काहीतरी राहून गेले आहे.

प्रश्न : मला हिब्रू येत नाही आणि वेळही थोडा असतो. सुरुवात कशी करू?

उत्तर : भाषांतर वाचण्यात कमीपणा मानू नका, पाठ दोनदा मूळ हिब्रूत आणि एकदा भाषांतरात वाचावा, असे तालमूदनेच सांगितले आहे. रीगा येथे जन्मलेल्या नेहामा लिबोविट्झ यांनी १९४२ मध्ये साप्ताहिक भागावर प्रश्नपत्रिका काढण्यास आरंभ केला आणि हे काम जवळजवळ तीस वर्षे चालवले. सैनिक, शेतकरी, शिक्षक, गृहिणी उत्तरे टपालाने पाठवत आणि नेहामाबाई ती लाल शाईने तपासून परत करीत. त्या तयार उत्तरे देत नसत. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांची टीप समोर ठेवून त्या विचारत: येथे राशींना काय खटकले? आपणही वाचताना खटकलेली एकच जागा वहीत लिहून ठेवा.

वाचनाचे सात तुकडे पाडलेलेच आहेत, तेव्हा रविवारपासून रोज एक घेतला की शब्बाथपर्यंत भाग पूर्ण होतो. उत्पत्तीपासून आरंभ करण्यासाठी सिम्हात तोराची वाट पाहू नका. हे उत्तर वाचत आहात त्या आठवड्यात जो भाग चालू असेल, तोच काढा.