वाचकांचे प्रश्न : फाइफ डॉग आणि जोडीतला दुसरा आवाज

‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या न्यूयॉर्कच्या हिपहॉप गटाविषयी, आणि विशेषतः त्यातील फाइफ डॉग या रॅपरविषयी, आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : या गटाची गाणी ऐकताना त्यातील दुसरे रॅपर क्यू-टिप यांचाच आवाज मुख्य वाटतो आणि फाइफ डॉग मध्येमध्ये येऊन जातात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतो, तसे त्यांचे स्थान होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतो. फाइफ त्या ओळीला स्वतःचे उत्तर देत असत, त्यामुळे त्यांचे नाते कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाबाच्या अधिक जवळचे आहे. फरक इतकाच की येथे दोन्ही पक्ष एकाच फडातले होते. ‘चेक द ऱ्हाइम’ हे गाणे लक्ष देऊन ऐकावे. त्यात क्यू-टिप आपल्या मित्राला ‘तयार आहेस ना?’ अशा अर्थाचा प्रश्न करतात, फाइफ क्षणाचाही विलंब न लावता ‘सदैव’ म्हणून उत्तर देतात, आणि पुढे तोच प्रश्न फाइफ विचारतात व उत्तर देण्याची पाळी क्यू-टिप यांची येते.

तरीही आपल्या शंकेला आधार आहे, कारण आरंभी फाइफ खरोखरच कडेला उभे होते. त्यांचे मूळ नाव मलिक टेलर. 20 नोव्हेंबर 1970 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात त्रिनिदादहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला; त्यांच्यासोबत जन्मलेला जुळा भाऊ काही तासांतच दगावला. आई शेरिल बॉइस-टेलर या कवयित्री, त्यामुळे शब्दांची लय मलिक यांच्या कानांवर घरातच पडत होती. सेंट ऑल्बन्स या वस्तीत राहणाऱ्या क्यू-टिप यांच्याशी त्यांची ओळख वयाच्या दुसऱ्या वर्षापासूनची. पुढे 1985 मध्ये अली शहीद मुहम्मद आणि जरोबी व्हाइट यांच्यासह गट उभा राहिला, परंतु 1990 साली आलेल्या पहिल्या अल्बममध्ये फाइफ जेमतेम चार गाण्यांत ऐकू येतात. त्या काळात मित्रांसोबत वस्तीत भटकण्यातच त्यांचे मन अधिक रमत असे. दुसऱ्या अल्बमचे काम सुरू होण्याच्या सुमारास क्वीन्सहून मॅनहॅटनकडे जाणाऱ्या रेल्वेत त्यांची क्यू-टिप यांच्याशी अचानक गाठ पडली. ‘तू काही गाण्यांत हवा आहेस, पण हे काम मनावर घ्यावे लागेल,’ अशा आशयाचे क्यू-टिप तेव्हा बोलले, आणि ही आठवण पुढे स्वतः फाइफ यांनीच सांगितली.

त्यानंतर जे घडले, त्यामुळे माझ्यासारख्या श्रोत्याच्या मनात फाइफ यांचे स्थान कायमचे ठरून गेले. सप्टेंबर 1991 मध्ये ‘द लो एंड थिअरी’ हा अल्बम आला. त्यातील ‘बगिन आउट’ या गाण्याची सुरुवातच फाइफ करतात, आणि चार ओळी पुऱ्या होण्याआधीच श्रोत्याला कळून चुकते की पहिल्या अल्बममधला कडेचा मुलगा आता मधोमध येऊन उभा राहिला आहे. क्यू-टिप यांचा आवाज मऊ, काहीसा आत वळलेला. फाइफ यांचा चढा, खरखरीत, गल्लीच्या टोकाशी उभे राहून हाक मारल्यासारखा. क्यू-टिप विचारात शिरतात, तर फाइफ खाणेपिणे, बास्केटबॉलचे सामने, मुलींनी दिलेला नकार आणि लिंडन बुलेव्हार्ड या आपल्या रस्त्याबद्दल बोलतात. उंची पाच फूट तीन इंच, म्हणून त्यांनी स्वतःला ‘पाच फुटी मारेकरी’ असे बिरुद लावून घेतले होते. जे उणे म्हणून दाखवले जाईल, तेच आपण आधी उच्चारून टाकायचे, ही त्यांची रीत होती. याच अल्बममध्ये ‘बटर’ हे गाणे त्यांनी एकट्याने पेलले आहे. तेथे कडवे संपेपर्यंत त्यांचा दम कोठेही ढळत नाही, आणि यमक जुळवण्यासाठी वाक्य वाकवले असेही कोठे जाणवत नाही. बोलल्यासारखे वाटेल असे रॅप करणे फार कठीण असते, हे मला या गाण्याने शिकवले. जॅझमधील ज्येष्ठ बासवादक रॉन कार्टर यांनीही या अल्बमसाठी वादन केले, आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या आपल्या यादीत त्याचा समावेश केला.

प्रश्न : मला लहानपणापासून मधुमेह आहे. फाइफ डॉग यांनाही तो होता, असे वाचले. त्याचा त्यांच्या कामावर कितपत परिणाम झाला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण स्वतःविषयी मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. पहिला अल्बम एप्रिल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्या मधुमेहाचे निदान झाले. म्हणजे आपण ज्यांना ओळखतो ते फाइफ, त्यांची सारी गाजलेली कडवी आणि सारे दौरे, हे सगळे निदानानंतरचे आहे. 1993 साली आलेल्या ‘मिडनाइट मरॉडर्स’ या अल्बममधील ‘ओ माय गॉड’ या गाण्यात त्यांनी स्वतःची त्रिनिदादी ओळख मिरवली आणि त्याच दमात, असा रंगात आलेला मधुमेही यापूर्वी कधी ऐकला होता, असा सवाल टाकला. ज्या क्षेत्रात प्रत्येक जण आपण अजिंक्य असल्याची द्वाही फिरवत होता, तेथे बावीस वर्षांच्या मुलाने आपला आजार भर गाण्यात सांगणे, हे मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धीट कृत्य वाटते.

परंतु गाण्यात आजाराशी दिलजमाई करणे वेगळे आणि रोजच्या ताटावर ती निभावणे वेगळे. गोड पदार्थांचा मोह आपल्याला आवरत नाही आणि तो व्यसनासारखा आहे, हे त्यांनी गटावर निघालेल्या 2011 च्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर कबूल केले. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. त्यांच्या बाबतीतही मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले. 2008 मध्ये त्यांच्या पत्नीने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. ते काही काळ चालले, पण 2012 च्या सुमारास पुन्हा प्रत्यारोपणाची गरज निर्माण झाली. 22 मार्च 2016 रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मधुमेहातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले. त्यांचा शेवट हे आपले भविष्य आहे असे कृपया मानू नये. प्रत्येक रुग्णाची वाट निराळी असते आणि आपल्या उपचारांविषयी आपले डॉक्टरच सांगू शकतात.

प्रश्न : बालपणीचे मित्र असूनही फाइफ आणि क्यू-टिप यांचे बिनसले कशामुळे, आणि शेवटी समेट झाला का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकच एक कारण सांगता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फाइफ अटलांटाला राहायला गेले. इकडे क्यू-टिप आणि अली शहीद यांच्यासोबत संगीतरचनेत ‘जे डिला’ या नावाचे नवे सहकारी आले, आणि जे काम एका वस्तीतल्या मुलांनी एकत्र बसून केले होते, ते आता दोन शहरांत विभागले गेले. 1998 मध्ये गट फुटला. 2000 साली फाइफ यांचा स्वतंत्र अल्बम आला. 2006 पासून गट पुन्हा रंगमंचावर दिसू लागला, आणि त्यामागे फाइफ यांच्या उपचारांच्या खर्चाला हातभार लावण्याचाही हेतू होता. मने मात्र जुळली नव्हती. 2008 च्या दौऱ्यातील दोघांचा वाद वर उल्लेखलेल्या माहितीपटात स्पष्ट दिसतो.

समेट झाला तो नोव्हेंबर 2015 मध्ये. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात सगळे एकत्र गायले आणि त्याच रात्री नवा अल्बम करायचे ठरले. न्यू जर्सीतील क्यू-टिप यांच्या घरच्या स्टुडिओत काम सुरू झाले. आपापल्या घरी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे ईमेलने पाठवायचे नाहीत, जो गाईल त्याने येथे येऊन गायचे, असा नियम होता, आणि डायलिसिस चालू असतानाही फाइफ कॅलिफोर्नियाहून विमानाने तेथे येत राहिले. काम पूर्ण होण्याआधीच ते गेले. नोव्हेंबर 2016 मध्ये तो अल्बम प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ‘वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युवर सर्व्हिस’ हे त्याचे लांबलचक नाव फाइफ यांनी सुचवले होते. त्याचा नेमका अर्थ बाकीच्यांना उमगला नव्हता, तरी त्यांना ते आवडले होते म्हणून मित्रांनी ते तसेच ठेवले. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात गट गायला, तेव्हा मंचावर फाइफ यांचे मोठे चित्र उलगडण्यात आले आणि त्यांच्या कडव्यांची वेळ आली की त्यांचाच मुद्रित आवाज वाजत राहिला; सोबती बाजूला उभे राहून त्यांची जागा मोकळी ठेवत होते. त्याच महिन्यात, लिंडन बुलेव्हार्ड आणि 192 व्या रस्त्याच्या चौकात, जेथे ‘चेक द ऱ्हाइम’चे चित्रीकरण झाले होते, त्या रस्त्याला मलिक ‘फाइफ डॉग’ टेलर यांचे नाव देण्यात आले.