बसालेललाही शब्बाथ होता

"ताई, मी चर्चमध्ये डोळे मिटतो आणि मला कोड दिसतो. पाळक प्रार्थना करत असतात आणि माझ्या डोक्यात प्रोग्रॅममधली कालची चूक, कालचा बग फिरत असतो. ही मूर्तिपूजा नाही तर काय?"

सुहासने समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत तोंड उघडलं ते असं. नाव बदललं आहे, घरचे तपशीलही ओळखू येऊ नयेत इतके हलवले आहेत. वय 26, मूळ घर अहिल्यानगरला, नोकरी पुण्यात हिंजवडीला. दिवसभर ऑफिसचं काम आणि रात्री 10 ते 2 स्वतःचं. हे दुसरं काम पगाराचं नव्हतं. जगभरातले पाच-सात अनोळखी लोक मिळून एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असा, प्रोग्रॅम लिहीत होते आणि हा त्यांच्यातला एक होता.

हा प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नव्हता. आपल्या मंडळ्यांमधली शिकलेली मुलं आता मोठ्या संख्येने या क्षेत्रात आहेत, आणि त्यांच्यातली मनाने हळवी मुलं हेच विचारतात: मला यंत्रांचं वेड आहे आणि माझा प्रभूवर विश्वास आहे, यातलं एक सोडावं लागेल का?

सुहासने सोडून पाहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी तरुण संघाच्या शिबिरात शेवटच्या रात्री सांगितलं गेलं, देवाच्या आड येणारी एक गोष्ट कागदावर लिहा आणि शेकोटीत टाका. त्याने 'कॉम्प्युटर' लिहिलं. घरी येऊन लॅपटॉप मित्राला विकून टाकला. 19व्या दिवशी उसने पैसे घेऊन दुसरा आणला. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी सगळे पुढे जायचे आणि हा बाकावर बसून राहायचा. आपण देवाला दिलेला शब्द मोडला, आता कोणत्या तोंडाने भाकर घ्यायची, असं त्याला वाटायचं. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला ही गोष्ट लॅपटॉपपेक्षा कितीतरी गंभीर वाटली.

अशा वेळी लोकांची अपेक्षा असते की समुपदेशकाने तासांचा हिशेब मांडावा. रोज दोन तास चालतील, चार चालणार नाहीत वगैरे. मी तास विचारले, पण ते दुसऱ्याच कारणासाठी. झोप किती होते, जेवण वेळेवर होतं का, नोकरीत चुका होतात का, घरी खोटं बोलावं लागतं का, हे पाहावंच लागतं. यातल्या दोन-तीन गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतील तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पापाची भीती दिवसातून दहा वेळा मनात येऊन तीच क्षमा पुन्हा पुन्हा मागावीशी वाटत असेल, तरीही. त्या भीतीवर उपचार आहेत, तिला भक्ती समजून कुरवाळत बसू नये. सुहासचं तसं नव्हतं. झोप कमी होती, बाकी गाडी रुळावर होती.

मी त्याला एक वही दिली. रात्री लॅपटॉप उघडण्याआधी एकच ओळ लिहायची, आत्ता मनात काय आहे. आणि बंद करताना दुसरी, काय केलं. तीन आठवडे.

वही परत आली तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ ती वाचत बसलो. त्या रात्री दोन जातींच्या होत्या. काही रात्री 'कालचं अडलेलं सुटेल असं वाटतंय' अशी सुरुवात आणि शेवटी 'सुटलं' किंवा 'नाही सुटलं, उद्या'. या रात्रींनंतर तो दमलेला असायचा, पण शांत झोपायचा. दुसऱ्या रात्रींची सुरुवात 'बाबांचा फोन, लग्नाचा विषय', 'मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला' अशी. त्या रात्री त्याने एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. नव्या प्रोसेसरची परीक्षणं बघितली, आपल्या कामाला किती जणांनी दाद दिली ते पुन्हा पुन्हा पाहिलं, अडीच वाजता छातीवर दगड ठेवल्यासारखा आडवा झाला. तोच लॅपटॉप आणि तेच टेबल. एका रात्री तो काहीतरी घडवत होता, दुसऱ्या रात्री कशापासून तरी पळत होता. आणि अपराधीपणा मात्र दोन्हींचा सारखाच वाटत होता.

मग मी त्याला बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 31वा अध्याय वाचायला सांगितलं. आमच्या चर्चमध्ये या अध्यायावर प्रवचन क्वचितच होतं, याचं मला वाईट वाटतं. तिथे देव मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या बसालेलला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? संदेश द्यायला नव्हे, लढायलाही नव्हे. सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकडावर कोरीव काम करायला. हाताचं कसब हेच तिथे आत्म्याचं दान आहे.

सुहास म्हणाला, "हे मला माहीत होतं. पण तो देवाचा निवासमंडप, उपासनेचा तंबू बांधत होता. मी काय बांधतोय?"

"पुढे वाच," मी म्हटलं.

पुढची वचनं शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची आहेत. बसालेल आणि अहलियाबला काम नेमून दिलं, वस्तूंची यादी सांगून झाली, आणि लगेच त्याच अध्यायात देव म्हणतो की तरीही माझे शब्बाथ पाळा. काम खुद्द देवाच्या घराचं, तरी सातव्या दिवशी हात थांबले पाहिजेत. 35व्या अध्यायात प्रत्यक्ष काम सुरू होतं तेव्हा तर शब्बाथ आधी सांगितला आहे, काम नंतर. या दोन्हींच्या मध्ये, 32व्या अध्यायात, सोन्याचं वासरू आहे. ते कानातल्या सोन्याच्या कुंडलांचं ओतलं होतं. 35व्यात लोक निवासमंडपासाठी दागिने आणतात, त्यातही कुंडलं आहेत.

सुहास बराच वेळ काही बोलला नाही. मग वहीवर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे सोनं तेच."

आम्ही ठरवलं ते साधं होतं. शनिवारी सूर्य मावळला की लॅपटॉप बंद, तो रविवारी दुपारच्या जेवणानंतर उघडायचा. शिक्षा म्हणून नव्हे आणि शेकोटीतल्या कागदासारखं कायमचंही नव्हे. दर आठवड्याला थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. कुठलंही काम आपल्यावाचून एक रात्र राहू शकतं हे मनाला अनुभवावं लागतं, नुसतं ऐकून ते पटत नाही. त्याला पटायला त्याचाच एक आदर्श उपयोगी पडला. डोनाल्ड क्नुथ हे संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव, लूथरन पंथाचे ख्रिस्ती, बायबलच्या पुस्तकांतल्या तिसऱ्या अध्यायाच्या 16व्या वचनांचा अभ्यास करून त्यावर पुस्तक लिहिलेले. त्यांनी 1 जानेवारी 1990 पासून ईमेल वापरणंच थांबवलं, कारण त्यांना एकाग्र होऊन काम करायचं होतं. सुहासला हे ठाऊक होतं, पण त्याकडे त्याने आजवर विक्षिप्तपणा म्हणून पाहिलं होतं.

इथे एक अडचण आली, आणि ती चर्चमधूनच आली. लॉकडाऊनपासून त्यांच्या मंडळीची उपासना ऑनलाइन दाखवली जाते. पाळकांना सुहासच्या मनातली घालमेल कळली आणि त्यांनी प्रेमाने तोडगा काढला: तुझं ज्ञान प्रभूसाठी वापर, कॅमेरा आणि साउंड तू सांभाळ. दोन महिन्यांत सुहासची रविवार सकाळ वायरी आणि मिक्सरमध्ये गेली. उपदेश सुरू असताना तो आवाजाचे काटे बघायचा. काम 'पवित्र' होतं, म्हणून तक्रारही करता येईना. सेवेची आवड असलेल्या किती मुलांना आपण असं उपासनेच्या बाहेर बसवतो, याचा मंडळ्यांनी मनापासून विचार करावा. बसालेललासुद्धा त्या दिवशी छिन्नी खाली ठेवायची होती. मी पाळकांना स्वतः भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, आणखी दोन मुलांना शिकवायचं ठरवलं. आता सुहासची पाळी तीन आठवड्यांतून एकदा येते.

राहिली आई. निवृत्त शिक्षिका. "सलाम, ताई," म्हणून बसल्या आणि रडूच लागल्या. "रात्रभर त्या डबड्यापुढे असतो. त्याच्या बाबांना वाटतं, पोरगा देवाला विसरला." मी विचारलं, तो रात्री नेमकं काय करतो? त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मी सुहासला सांगायला लावलं. आधी अडखळला, मग सुरू झाला. जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांचे फोटो घेऊन त्यातली अक्षरं यंत्राला वाचायला शिकवायची. अवघड कारण शिरोरेषेने सगळी अक्षरं एकमेकांना बांधलेली, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते यंत्राला कळत नाही. त्यात जुन्या छपाईतली जोडाक्षरं वेगळ्या घडणीची, काही झिजलेली.

आईंनी डोळे पुसले. "झिजलेले खिळे," त्या म्हणाल्या. "माझी आजी केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढली. छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायची."

सुहासला हे माहीत नव्हतं. मुक्ती मिशन स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते मिशनमधल्या बायका-मुलींनीच तिथल्या छापखान्यात जुळवलं, छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, छापील बायबल 1924 मध्ये पूर्ण झालं. ज्या मुलींना घरादाराने टाकलं होतं, त्यांनी त्या काळातलं यंत्र हाताळलं आणि त्यातून वचन बाहेर पडलं. आई सांगत होत्या, आजीच्या बोटांची टोकं म्हातारपणीही खरखरीत होती. सुहास पुढे झुकून ऐकत होता. त्या तासात मला फारसं बोलावं लागलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबा अजून फारसे बोलत नाहीत. पळून जायच्या रात्री अजून येतात. फरक इतका की आता त्या ओळखू येतात, आणि कधी कधी तो लॅपटॉपऐवजी बाबांना फोन लावतो. मोडलेल्या नवसाचं त्याने पाळकांपाशी बोलून घेतलं. पुढच्या प्रभुभोजनाला तो उठला आणि पुढे गेला.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "प्रार्थनेत कोड दिसतो का अजून?"

"दिसतो. मागच्या रविवारी तर अडलेल्या ठिकाणचं उत्तरच दिसलं. पूर्वीचा मी असतो तर शेवटच्या गीताआधीच निघून घरी पळालो असतो."

"मग?"

"बसलो. आशीर्वादानंतर बाहेर चहा होता, आई तिच्या मैत्रिणीशी बोलत होती, थांबलो. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला तर उत्तर आठवतच होतं."

"आणि नसतं आठवलं तर?"

त्याने जरा विचार केला. "सोमवारी पुन्हा शोधलं असतं."