करिअर की घर या पेचातल्या बाईवर विनोदी-गंभीर पटकथा लिहितोय, पण मध्यंतरानंतर सगळं रडकं होतं. काय चुकतंय?

तुम्ही दिलेलं कथासार असं: नायिका ३७ वर्षांची, पुण्यात बँकेत क्लार्क. अधिकारीपदावर बढती मिळते, पण सोबत नांदेडला बदली. घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मुलगी दहावीत. पूर्वार्धात तिची स्कूटी बंद पडते, डबा बदलला जातो, साहेबांसमोर फजिती होते. उत्तरार्धात सगळे तिच्यावर चिडतात आणि ती रडते.

रोग मध्यंतरानंतर दिसतोय, पण लागण पहिल्या दहा पानांतच झालीय. स्कूटी कोणाचीही बंद पडते, त्यात तिचं असं काही नाही. गंभीर मामला सुरू झाला की असले अपघाती विनोद पोरकट वाटायला लागतात, तुम्ही ते काढून टाकता आणि मग हातात फक्त रडणं उरतं. या जातीच्या चित्रपटात विनोद आणि पेच दोन्ही नायिकेच्या एकाच स्वभावातून निघावे लागतात. म्हणजे मध्यंतरानंतर तीच सवय, तसाच प्रसंग पुन्हा येतो, फक्त या वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

अभ्यासाला एकच चित्रपट घ्यायचा तर मी १९८७ चा ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ घ्यायला सांगेन. जेम्स एल. ब्रूक्सचं लेखन-दिग्दर्शन, हॉली हंटर नायिका. जेन ही दूरचित्रवाणीच्या बातम्यांची निर्माती. सगळं आपल्या पद्धतीनं आणि अचूक व्हायला हवं हा तिचा स्वभाव. टॅक्सीत बसली की ड्रायव्हरला रस्ता सांगते, आणि रडायचं असेल तर कामाच्या मधे वेळ काढून रडते, मग डोळे पुसून पुढच्या कामाला लागते. आपण हसतो. आता शेवटाकडे या. तिला आवडणाऱ्या टॉम या बातमीदारानं एक मुलाखत घेताना डोळ्यांत पाणी आणलेलं असतं. पण मुलाखतीला कॅमेरा एकच होता. मग त्याचा चेहरा टिपला कधी? अर्थात नंतर, म्हणजे ते पाणी मुद्दाम आणलेलं. तिच्या धंद्यातलं हे साधं तांत्रिक ज्ञान, आणि त्यावरच नातं तुटतं. टॅक्सीवाल्याला रस्ता सांगणारी बाई हे खपवून घेणं शक्यच नाही. आधी जिच्यावर हसलो तीच अचूकता इथे टोचते. वेगळा खलनायक आणावा लागला नाही.

तुमच्या नायिकेकडे हा स्वभाव आयता आहे, तुम्ही वापरलेला नाही. ती कॅश काउंटरवर बसते. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय तिला उठता येत नाही, आणि कमी भरली तर पदरचे घालावे लागतात. अशी बाई घरीही हिशेब जुळवणारच: सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचे सराव पेपर, कामवालीचे खाडे, नणंदेनं नेलेले आणि परत न आलेले डबे. पहिल्या दहा पानांत यातले तीन प्रसंग येऊ द्या, बँकेतला एक आणि घरातले दोन. मध्यंतरानंतर ती आपल्याच माणसांचा हिशेब मांडायला बसेल: कोणी कोणासाठी काय सोडलं, कोणाकडे किती बाकी. तोही प्रसंग हसू येईल असाच सुरू व्हावा, आणि मग नवऱ्याच्या लक्षात यावं की आपल्या नावावर नुसती उधारीच आहे. हा हिशेब काही केल्या जुळत नाही, हाच तिचा पेच.

दुसरी चूक निवडीची आहे. ‘इकडे आड तिकडे विहीर’ ही म्हण बोलायला छान आहे, पण पटकथेत घात करते. दोन्हीकडे वाईटच असेल तर प्रेक्षक फक्त कीव करतो, आणि कीव आली की हसू बंद. दोन्हीकडे ओढ हवी. सध्या तुमचं नांदेड म्हणजे नुसता वनवास आहे. तिला तिथे एकदा पाठवून बघा, शाखा पाहायला म्हणून दोन दिवस. लॉजच्या खोलीत तिला रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर काहीच काम नसतं, आणि हे तिला भयंकर आवडतं. आवडलं याची तिला लाज वाटते. इथे विनोद आणि पेच एकाच जागी सापडतात.

हे भांडण मनात ठेवून पडद्यावर दिसत नाही, ते घड्याळावर आणावं लागतं. गौरी शिंदेंचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) याबाबतीत फार नेटका आहे. शशी गोडबोले पुण्याची, लाडू करून विकणारी. भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते आणि चार आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग लावते. लग्नाची तारीख ठरलेली, वर्गाची मुदत ठरलेली, आणि परीक्षा नेमकी लग्नाच्या दिवशी. त्या दिवशी लाडू जमिनीवर पडतात. परीक्षा सोडून ती पुन्हा लाडू करायला बसते. पहिल्या प्रसंगापासून घरचे ज्याला कमी लेखत आले तेच काम तिची परीक्षा हुकवतं, आणि ते तिला कोणी करायला लावत नाही. विकतचं वाढणं तिला पटत नाही.

लाडू पडणं हा योगायोगच आहे, मग तो कसा चालतो? कारण निर्णय योगायोग घेत नाही, ती घेते. याउलट सादरीकरणाच्या ऐन वेळी शाळेतून ‘मुलगी पडली’ असा फोन येणं ही हमखास फसणारी युक्ती आहे. तिथे पर्यायच उरत नाही, कुठलीही आई धावेल. तुमच्या ६८ व्या पानावर हेच आहे. काढा. त्याऐवजी मुलीचा पेपर आणि नांदेडला रुजू व्हायची तारीख एकाच दिवशी ठेवा, आणि मुलीलाच म्हणू द्या, ‘तू नसलीस तर मला जास्त शांत लिहिता येईल.’ फोनपेक्षा हे लागतं.

बढती नाकारली तर पुन्हा संधी कधी, याचे नियम बँकेनुसार वेगळे असतात. एखाद्या शाखेत बसून नीट विचारून घ्या. मिळालेली खरी मुदत वापरा, मनानं ठरवू नका.

नवरा. तुमचा नवरा पहिल्यापासून खडूस आहे, त्यामुळे तिनं जावं हे प्रेक्षकाला विसाव्या मिनिटालाच पटतं आणि उरलेला चित्रपट तिच्या कळण्याची वाट बघण्यात जातो. सुरेश त्रिवेणींच्या ‘तुम्हारी सुलू’मध्ये (२०१७) नवरा चांगला माणूस आहे. विरारची सुलू रेडिओ केंद्रावर जिंकलेला प्रेशर कुकर घ्यायला जाते आणि रात्रीच्या कार्यक्रमाची निवेदिका होते. त्याच काळात नवऱ्याची स्वतःची नोकरी जाचक होत जाते. तो चिडतो तेव्हा त्याचंही दुःख खरं असतं, म्हणून भांडण दोन्ही बाजूंनी लागतं. तुमच्या नवऱ्याला निदान एक बरोबर मुद्दा द्या, ज्याचं उत्तर नायिकेकडे नाही. सासूबाईंना मात्र वात्रट ठेवा. गुडघा बांधून बसलेली, सगळं ऐकणारी बाई हे उत्तरार्धातलं तुमचं सर्वांत मोठं भांडवल आहे.

काम पडद्यावर दिसू द्या. ‘ती हुशार आहे’ असं चार पात्रांनी म्हणून चालत नाही. माइक निकोल्सच्या ‘वर्किंग गर्ल’मध्ये (१९८८) सेक्रेटरी असलेल्या टेसची कल्पना तिची साहेबीण स्वतःच्या नावावर खपवते. निवाडा एका साध्या प्रश्नावर होतो: ही कल्पना सुचली कशी? टेस कात्रणं काढून एकातून दुसरं कसं सुचलं ते सांगते, साहेबीण अडखळते. भावनिक भाषण नाही, कामाचा पुरावा. तुमच्याकडे याच तोडीचा प्रसंग होऊ शकतो: शाखेत कॅश जुळत नाही, साहेब घामाघूम, आणि ही दिवसभराच्या व्हाउचरांवरून नजर फिरवून उलटसुलट लिहिलेला आकडा शोधते. ५४० चे ४५० झाले तर फरक ९० येतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊनं भाग जातो, ही हिशेबनिसांची जुनी खूण. तिला ती ठाऊक असते, साहेबांना नसते. असा प्रसंग पंचविसाव्या पानाच्या आत हवा, कारण बढतीचं पत्र पंचवीस ते तीसच्या दरम्यान यायला हवं. तुमच्याकडे ते एकेचाळीसाव्या पानावर येतं.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा. दोन तासांच्या चित्रपटाला ११० ते १२० पानं, साठ-सत्तर प्रसंग, मध्यंतर पंचावन्न ते साठच्या आसपास. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा: हसू कशाचं आणि किंमत कोण भरतं. पहिली जागा सलग पाचसहा कार्डांवर कोरी दिसली तर तिथे सूर पडलाय. दुसरी जागा पूर्वार्धभर कोरी असेल तर मध्यंतरानंतरचं रडणं उपरं वाटणारच, कारण आधी कशाचीच किंमत लागलेली नसते.

शेवट. तुम्ही तिला नांदेडही दिलंय, पुणंही दिलंय आणि नवऱ्याची बदलीही तिकडेच करून टाकलीय. लग्नाच्या पंगतीत सगळे पदार्थ एकदम वाढल्यासारखं झालंय. ‘फ्रान्सिस हा’ची (२०१२) नायिका नर्तकी व्हायला निघालेली असते. नृत्यसंस्थेतली कार्यालयीन नोकरी ती आधी नाकारते, नंतर तीच घेते आणि स्वतःचं नृत्य बसवते. शेवटी नव्या घराच्या टपालपेटीवर तिचं आडनाव मावत नाही, म्हणून ती कागद दुमडते आणि नाव अर्धंच, ‘फ्रान्सिस हा’ एवढंच दिसतं. चित्रपटाला नाव मिळालं ते तिथून. काही मिळालं, काही दुमडावं लागलं, आणि हे एकाही संवादाशिवाय.

तुमच्या शेवटच्या प्रसंगातलं तिचं दीड पानाचं भाषण म्हणूनच जायला हवं. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये लग्नातलं भाषण चालतं, कारण तीच तिची हुकलेली परीक्षा असते आणि समोर शिक्षक बसलेले असतात. तुमच्या नायिकेची परीक्षा बोलण्याची नाही. तिला नांदेडच्या खोलीत महिनाअखेरीला वही घेऊन बसवा. घरचा हिशेब नव्वद रुपयांनी चुकतोय. तिला चूक कुठे आहे ते दिसतं. ती वही तशीच मिटते आणि दिवा घालवते.