तळ्याकाठी एक दिवस

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्डिफहून निघून एका दिवसात वेल्समधील पाच ठिकाणे उरकण्याचा तुझा बेत वाचला. माझे ऐकशील तर तो सारा दिवस ब्रेकनजवळच्या लँगॉर्स या एकाच गावाला दे. गावाचे नाव तेथील लोकांकडूनच ऐक; त्याच्या आरंभीचा वेल्शमधला दुहेरी एल (ll) म्हणजे आपला 'ळ' नव्हे, तर जीभ 'ल'च्या जागी टेकवून बाजूंनी नुसती हवा सोडली की तो उमटतो. 'लान' म्हणजे चर्च व त्याचे आवार आणि 'कोर्स' म्हणजे दलदल, एवढे कळले तरी गावाची जागा डोळ्यांपुढे उभी राहते.

गावालगतचे तळे दक्षिण वेल्समधील सर्वांत मोठे नैसर्गिक तळे आहे. त्याच्या उत्तर काठापासून जेमतेम चाळीस मीटरांवर झाडीने झाकलेले एक लहानसे बेट दिसेल. नुसते पाहून परतलीस तर त्यात काहीच दिसणार नाही, म्हणून त्याची हकीकत आधी वाचून जा. ते बेट माणसांनी दगड आणि लाकडे रचून उभारलेले असून, त्याच्या ओकच्या फळ्यांतील वार्षिक वलये मोजून ती झाडे इ. स. ८८९ ते ८९३ या काळात तोडल्याचे निश्चित झाले आहे. ते ब्रिचेनिओग या छोट्या वेल्श राज्याच्या राजाचे निवासस्थान होते. ९१६ मध्ये शेजारच्या मर्सिया या इंग्लिश राज्याची राज्यकर्ती एथेलफ्लेड हिच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले आणि राजाच्या पत्नीसह चौतीस जणांना पकडून नेले. तळ्याच्या गाळात सापडलेले एक तलम, भरतकाम केलेले वस्त्र मला त्या साऱ्या इतिहासाहून जवळचे वाटते. ते जळून काळे पडले होते, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, तरीही तज्ज्ञांनी त्या सोडवल्यावर टाक्यांतून पक्षी आणि सिंह ओळखता आले. कोणाच्या तरी हातांनी ते टाके घातले होते, हे तेथे उभी असताना आठव.

बेटावर मात्र पाऊल ठेवू नकोस. ते संरक्षित स्मारक आहे. दुपारनंतर दक्षिण काठावरच्या लँगॅस्टीला जा. वेल्सचा खरा राजा आज्ञा करील तेव्हाच या तळ्यावरचे पक्षी गातात, अशी कथा बाराव्या शतकातील धर्मगुरू व लेखक जेराल्डने लिहून ठेवली आहे. लँगॅस्टीला पक्षी पाहण्यासाठी आडोसा बांधलेला आहे. त्यात ऊन उतरेपर्यंत बस, आणि काय ऐकलेस ते मला सविस्तर कळव.

तुझे,
सर