आप्पांवर लिहितोयस ना, मग आधी ट्रंक उघड

बाळा,

मेसेज वाचला तुझा. वर्षश्राद्धाला आप्पा आजोबांवर छोटंसं पुस्तक काढून नातेवाईकांत वाटायचं, कल्पना झकास आहे. पण पाठवलेल्या पानांत आप्पा कुठेच दिसले नाहीत रे मला. दिसला तो कुठलातरी जवान, छाती पुढे, मागे तिरंगा, सळसळतं रक्त वगैरे. तो पंधरा ऑगस्टच्या बॅनरवर असतोच की, त्याच्यासाठी तू कशाला एवढं टायपिंग करायचं.

७१ ची लढाई ३ डिसेंबरला पेटली आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली, म्हणजे जेमतेम दोन आठवडे. तोफखान्यातली बाकीची नोकरी, मग पेन्शन घेऊन बँकेच्या दारात बंदूक धरून काढलेली वर्षं, फौजी कॅन्टीनचं सामान आणताना अख्ख्या गल्लीची यादी सोबत घेऊन जाणारे आप्पा, हे सगळं तू दोन ओळींत उरकलंस!

आणि लोंगेवालाला होते हे कुणी सांगितलं तुला? पिक्चर बघून मामाने ठोकून दिलं असणार. ट्रंकेतल्या डब्यातलं मेडल बाहेर काढ. त्या लढाईच्या काळात नोकरीत होते त्यांना संग्राम मेडल मिळालं, पण पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. डब्यात पूर्वी स्टार निघाला तर राजस्थानातलं लोंगेवाला कुठून आणायचं, सांग बरं. मेडलच्या कडेवर बघ, भिंग घे लागलं तर, बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव ठोकलेलं असतं. आणि हो, चकचकीत करायला ब्रासो घासत बसू नको, ती अक्षरंच झिजतात.

मग डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. भरती कधी, कुठल्या रेजिमेंटला, कुठले कोर्स, सगळं त्यात सापडतं. ते हरवलं असेल तरी आपलं नशीब बघ, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांच्या घरच्यांना त्यासाठी बेळगाव गाठावं लागतं, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस इथे आपल्या नाशिकरोड कॅम्पलाच आहे. अर्ज आजीच्या सहीने कर, आर्मी नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट घाल.

पत्रांवर ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्ट ऑफिसचा पत्ता असेल, त्यावरून ठिकाण कळत नाही, मुद्दामच तसं असतं. ९९ एपीओ दिसलं तर मात्र पूर्वेकडची पोस्टिंग समज. बाकी मजकुरातून काढायचं. स्वेटर मागितलाय का, पाऊस थांबत नाही म्हणतात का, मनीऑर्डर पोचली का ते दर पत्रात विचारतात का. मला विचारशील तर अशी दोन पत्रं जशीच्या तशी छाप, तुझी वर्णनं नंतर.

टीव्हीचा आवाज आठवतो ना? तिसऱ्या घरापर्यंत बातम्या ऐकू यायच्या आणि आम्ही हसायचो. अरे, तोफेशेजारी उभं राहून वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातातच. ते नीट लिही, तुझ्या तिरंग्याच्या परिच्छेदापेक्षा त्यात जास्त फौज आहे. फोन उलटा धरून जोरात "बोल!" म्हणायचे तेही घाल, लाजू नको.

देवळाली कॅम्पचे त्यांचे फौजेतले जोडीदार, दहाव्याला रामकुंडावर काठी टेकत आलेले, त्यांच्याकडे लवकर जा, वय झालंय त्यांचंही. लढाई कशी होती असं विचारलंस तर भाषण मिळेल. त्यापेक्षा तोफ कुठली होती, नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, कोण होता, लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या खानावळीत, काय मिळायचं, रम कुणाच्या वाट्याची कोण प्यायचं, असलं विचार आणि मग गप्प बस. आप्पा जे कधीच बोलले नाहीत ते त्यांनीही नाही सांगितलं तर ती जागा कोरीच ठेव, मनाने भरायची नाही.

आजीला सगळ्यात शेवटी धरलंयस ते मला पटलं नाही. नवरा सीमेवर असताना सासू, दोन पोरं आणि शेत तिनेच बघितलं, तिचं एक अख्खं प्रकरण हवं. दुपारी जेवणानंतर बसव, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेव.

आणि सगळ्यात आधी तिच्या फॅमिली पेन्शनचं बघ. स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर, झालं का अजून? नसेल झालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, बँकेचं पासबुक सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन. पुस्तक दोन महिने उशिरा निघालं तरी चालेल.

रविवारी ये, स्कॅनर आहे माझ्याकडे. ट्रंक नको उचलून आणू, नुसती पत्रं आण.

तुझा,
काका