तापात भात वर्ज्य करावा की पेज घ्यावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही कोल्हापूरकडचे, नोकरीसाठी गोव्यात वेर्ण्याला खोली घेऊन एकटे राहता, दोन दिवसांपासून अंगात १०१ ते १०२ ताप आहे आणि घास उतरत नाही. शेजारच्या काकी दोन्ही वेळा पेज आणून देतात आणि आई फोनवर बजावते की तापात भाताला हात लावू नकोस, तो थंड असतो, त्यापेक्षा लंघन कर. यातले कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. डिचोली तालुक्यातल्या मोठ्या घरात तीस वर्षे आजारी माणसांचे पथ्यपाणी सांभाळत आले आहे. त्या अनुभवावरून आणि आमच्या डॉक्टरांकडून वेळोवेळी जे समजून घेतले त्यावरून सांगते, की काकींची पेज निःशंक मनाने घ्या.

आईंच्या सांगण्यालाही आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. तापाच्या सुरुवातीला भूक मंदावते, पोट जड अन्न स्वीकारत नाही, आणि अशा वेळी बळजबरीने चार भाकऱ्या खायला लावणे चूकच. आयुर्वेदात ज्वराच्या आरंभी लंघन सांगितले आहे तेही यासाठीच. परंतु त्याच ज्वरचिकित्सेत लंघनाच्या पुढची पायरी म्हणून यवागू, म्हणजे तांदळाची पातळ पेज, सांगितली आहे, आणि ही दुसरी पायरी आपण सोयीस्करपणे विसरतो. आपला 'पेज' हा शब्दसुद्धा 'पेया'वरूनच आलेला आहे. एखादे जेवण चुकले तर काही बिघडत नाही, पण दोन-तीन दिवस नुसत्या चहावर काढणे हे लंघन नव्हे, ती उपासमार होते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. खर्च वाढलेला आणि आवक बंद, अशी अवस्था फार काळ चालू शकत नाही.

हे मी आमच्याच घरात पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना ताप आला. वय चौऱ्याहत्तर. घरातल्या जुन्या पद्धतीप्रमाणे आम्ही त्यांना दोन दिवस काळा चहा आणि बिस्किटे एवढ्यावरच ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते न्हाणीघराकडे जायला उठले आणि उंबऱ्यातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. डॉक्टरांनी त्यांची जीभ पाहिली, ती वाळलेल्या आमसुलासारखी झाली होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती वर तशीच उभी राहिली. वयस्कर माणसाची कातडी तशीही सैल असते, पण जीभ आणि दिवसभर न झालेली लघवी यांवरून त्यांनी ओळखले की शरीरातले पाणी आणि मीठ दोन्ही संपले आहे. दोन बाटल्या सलाईन लावल्यावर सासरे उठून बसले. ताप साधा होता, त्यांना पाडले ते आमच्या पथ्याने. त्या दिवसापासून आमच्या घरात ताप आला की आधी पाण्याचा विचार होतो आणि मग अन्नाचा.

पेजेचे महत्त्व इथेच कळते. आपल्या लहान आतड्यात ग्लुकोज आणि मिठातले सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. ओआरएसचे, म्हणजे जलसंजीवनीचे, सारे तत्त्व एवढेच आहे. पेजेतले पिष्ट पचताना हळूहळू ग्लुकोज सुटते, त्यात चिमूटभर मीठ असले की पाणी शरीरात नीट मुरते, आणि शिवाय थोडे अन्नही पोटात जाते. अतिसाराच्या रोग्यांसाठी तांदळाच्या पिठापासून केलेले जलसंजीवनीचे मिश्रण याच कारणाने वापरले गेले आहे. गोव्यात पेज उकड्या तांदळाची असते, आणि उकडताना कोंड्यातले ब १ जीवनसत्त्व दाण्यात उतरत असल्याने सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा तो आजाऱ्याला अधिक लाभदायक ठरतो.

काकींना त्रास द्यायचा नसेल तर पेज तुम्ही खोलीवरही करू शकता. मूठभर उकडे तांदूळ दोन-तीन पाण्यांत धुऊन त्यांच्या आठ-दहा पट पाण्यात टोपात चढवावेत आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर सोडावेत. पाऊण तासाने दाणे फुटून त्यांच्या कडा उलगडतात, पाणी दुधट होते, आणि निवू लागले की वर पातळ साय धरते. घास उतरत नसेल त्या वेळी फक्त वरची निवळ मीठ घालून घोट घोट प्यावी, आणि पोटाने ती स्वीकारली की पुढच्या वेळी शिते बोटांनी कुस्करून खावीत. एका वेळी वाटीभर पुरे, पण ती दर दोन तासांनी हवी. सोबत मिठात चेपलेल्या तोराची, म्हणजे कैरीची, एखादी फोड चाखली की गेलेली चव परत येते, मात्र रक्तदाब असलेल्यांनी ती टाळावी. सकाळची पेज रात्रीपर्यंत उघडी ठेवून खाऊ नका. ओल्या भातात जिवाणू फार लवकर वाढतात, आणि तापात उलट्यांची भर नको.

पेजेचा कंटाळा आला तर मूगडाळ घालून आटवल, म्हणजे मऊ भात, करावी, किंवा आई सांगत असतील तर मुगाचे कढण घ्यावे, तेही उत्तमच आहे. आमच्याकडे नाचण्याचे सत्त्व देतात. पिकलेले केळे, मऊ उकडलेले अंडे, साधे वरण, पचत असेल तर दूध, यांतले काहीही चालते. तापात मासे वर्ज्य, असे पुष्कळ जण मानतात, परंतु ते जड पडतात ते तेलात तळल्यामुळे आणि मसाल्यामुळे. आजारातून उठणाऱ्याला इथे मुडदुशी नावाच्या मासळीचे पातळ, बेताच्या तिखटाचे हुमण, म्हणजे कालवण, देण्याची पद्धत आहे, आणि तिचे मांस खरोखरच हलके असते. भूक परतू लागली की प्रथिने हवीतच, नाहीतर ताप उतरल्यावरचा अशक्तपणा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो.

पाणी, पेज, सार, शहाळे असे सगळे मिळून दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात जायला हवे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला शहाळ्यातले पोटॅशियमही बाधू शकते. औषधाच्या दुकानात खोक्यात मिळणारे गोड फळांच्या चवीचे पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या आणि ते पाकीट सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात एकदम मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ एवढे पुरते. पुरेसे पाणी पोटात गेले की नाही, याची सर्वांत सोपी खूण म्हणजे लघवी. ती पाच-सहा तासांत एकदाही झाली नाही किंवा गर्द पिवळी झाली, तर तुम्ही कमी पीत आहात.

पपईच्या पानांच्या रसाचा आणि किवीचा सल्ला तुम्हाला आतापर्यंत कोणीतरी दिला असेलच. डेंग्यूमधला धोका या रसाने टळतो असा भक्कम पुरावा नाही, आणि तो इतका कडू असतो की रिकाम्या पोटी घेतल्यास पोटातले होते नव्हते तेही बाहेर पडते. किवी खायला हरकत नाही, पण त्यासाठी पैसे मोडण्याचे कारण नाही.

आता खाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट सांगते. गोव्यात पावसाळ्यात दोन दिवस टिकलेला ताप नुसत्या पथ्यावर सोडू नये. डेंग्यू, मलेरिया, शेतात आणि पाण्यात वावरणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस, हे सगळे सुरुवातीला सारखेच दिसतात. उद्या सकाळीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रक्त तपासून घ्या. मलेरियाची तपासणी तिथे मोफत होते. निदान होईपर्यंत अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, कारण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टर सांगतील त्याच प्रमाणात. टायफॉइड निघाला तर आतड्याला व्रण पडलेले असू शकतात, म्हणून तिखट आणि चोथट पदार्थ त्यांच्या सल्ल्यानेच सुरू करा.

डेंग्यूमध्ये ताप उतरतो तो दिवस फसवा असतो. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग थंड पडते, माणसाला वाटते आपण बरे झालो, आणि नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याची भीती असते. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थता, यांपैकी काहीही जाणवले तर पेज-पाण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तुम्ही एकटे राहता, म्हणून खोलीची एक किल्ली काकींकडे देऊन ठेवा, आईंचा फोन नंबर त्यांना लिहून द्या, आणि ताप पूर्ण जाईपर्यंत रात्री आतून कडी लावू नका.