वाचकांचे प्रश्न : फोटोतली कातडी अंगावर बसत नाही

प्रश्न : मी फोटोशॉपमध्ये एक काल्पनिक जलचर रंगवत आहे. त्याच्या अंगावर मगरीच्या कातडीचा फोटो ओव्हरले मोडमध्ये (वरचे चित्र खालच्या चित्रात मिसळण्याची एक पद्धत) ठेवला, तर प्राण्याला छापील कापड गुंडाळल्यासारखे दिसते आणि चित्रही काळवंडते. फोटोतला पोत वापरूच नये का?

उत्तर : जरूर वापरावा. काळवंडण्याचे कारण सोपे आहे. ओव्हरले मोडमध्ये 50 टक्के राखाडी छटेचा खालच्या चित्रावर काहीच परिणाम होत नाही. त्याहून गडद छटा चित्र गडद करतात आणि फिकट छटा उजळवतात. मगरीचा फोटो मुळातच काळसर असल्याने आधी त्यातला रंग काढून टाकावा आणि लेव्हल्स या उजळपणा बदलण्याच्या साधनातला मधला स्लायडर सरकवून तो मध्यम राखाडीच्या आसपास आणावा.

कापडाची तक्रार मात्र मोडशी संबंधित नाही, कारण एकच पोत अंगभर असलेली मगर मुळात नसतेच. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत दिसणारी मगर नीट पाहिली, तर मानेवर चौकोनात बसलेले चार मोठे खवले, पाठीवर आडव्या ओळींतले हाडांच्या आधाराचे उंच धारेचे खवले, कुशीवर बारीक गोलसर आणि पोटावर सपाट चौकोनी खवले, अशी निरनिराळी वस्ती दिसते. डोक्यावरची बहुभुजी नक्षी तर अंगावरच्या खवल्यांसारखी घडतच नाही. अंड्यातल्या पिल्लाच्या कातडीवरील ताणदाबातून ती तयार होते, म्हणून डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी जुळत नाही. डोक्याचा अर्धा भाग रंगवून तो आरशासारखा उलटा करण्याची सवय (ती आपल्या सर्वांनाच असते) इथे लगेच उघडी पडते.

म्हणून प्रत्येक भागासाठी वेगळा लेयर (चित्राचा स्वतंत्र थर) घ्यावा, वॉर्पने (चित्र वाकवण्याचे साधन) खवल्यांच्या ओळी शरीराच्या गोलाईवरून वळवाव्यात आणि कडेला, जिथे पृष्ठभाग आपल्यापासून दूर वळतो, तिथे त्या दाटीने आवळाव्यात. सांध्यांजवळ खवले लहान करावेत. त्यानंतर मास्क (थराचा हवा तो भाग झाकण्याची सोय) लावून पोत बराचसा पुसून टाकावा: उजेड आणि सावली यांच्या सीमेवर तो ठळक ठेवावा, गडद सावलीत जवळजवळ नाहीसा करावा आणि थेट उजेडात अगदी हलका ठेवावा. पुसायला जीव होत नाही, हे मान्य. पण चिकटवल्याचा भास प्रामुख्याने इथेच जातो.

फोटोतल्या प्रकाशाची दिशाही तपासावी. चित्रात उजेड डावीकडून आणि फोटोत उजवीकडून असेल, तर खवल्यांचे उंचवटे खड्ड्यांसारखे दिसू लागतात. अशा वेळी फोटो आडवा उलटवून पाहावा. स्वतः फोटो काढणार असाल, तर ढगाळ दिवस निवडावा, म्हणजे फोटोत कडक सावल्या येत नाहीत. त्यासाठी मगरीच्या जवळ जाण्याची गरज नाही; फणसाची साल घरबसल्या मिळते आणि पाठीच्या खवल्यांसाठी ती उत्तम चालते.